खताच्या पैशावर उडालेला देश

नौरू हा देश फोनच्या नकाशावर शोधायला गेलात तर बराच वेळ झूम करत राहावं लागतं. प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या जरासा खाली, २१ चौरस किलोमीटरचा एक ठिपका. बेटाला वळसा घालणारा रस्ता आहे, तो साधारण १९ किलोमीटरचा. एवढ्याशा देशाकडे १९८०च्या दशकात जेट विमानांचा स्वतःचा ताफा होता. लोकसंख्या आठ हजारांच्या आसपास, आणि सगळी विमानं एकदम उडाली तर देशातली दहा टक्के माणसं त्यांत मावतील, असं म्हटलं जाई.

ही गोष्ट बहुतेक वेळा विनोद म्हणून सांगितली जाते. फुकटचा पैसा, उधळपट्टी, दिवाळं. उधळपट्टी झाली हे खरंच. पण या लोकांना विमानंच का घ्यावीशी वाटली, हा प्रश्न त्या विनोदात हरवतो.

नौरूच्या पोटात फॉस्फेट होतं, तेही उत्तम प्रतीचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते खणून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांत जात होतं. पिकं तिकडे वाढत होती आणि इकडे बेटाच्या मधोमध प्रवाळाचे उघडे सुळके उरत होते. मूळ रहिवाशांच्या हाती त्यातलं फार थोडं पडे. बाहेर जायचं तर खत न्यायला येणाऱ्या जहाजांची वाट बघायची, म्हणजे पुन्हा कंपनीच्याच मर्जीवर.

१९४२मध्ये जपानने बेट घेतलं. लोकांना राबवून धावपट्टी बांधली आणि पुढच्या वर्षी १,२०० नौरूवासीयांना जहाजांत भरून सोळाशे किलोमीटरवरच्या ट्रुक बेटांवर नेऊन टाकलं. उपासमार, रोगराई, बाँबहल्ले. ३१ जानेवारी १९४६ रोजी त्यांतले ७३७ जण परत आले. १९६८मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा स्वातंत्र्यदिन म्हणून मुद्दाम हीच तारीख निवडली गेली.

ज्यांचं जाणं आणि येणं कायम दुसऱ्यांनीच ठरवलं, त्यांनी हातात पैसा येताच विमान घ्यावं, यात हसण्यासारखं काय आहे?

२.१ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून नौरूने फॉस्फेटचा धंदा ताब्यात घेतला आणि १९७०मध्ये ‘एअर नौरू’ सुरू झाली. आधी एक छोटं फाल्कन जेट, मग फोकर, मग बोइंग. जपान्यांनी बांधून घेतलेल्या त्याच धावपट्टीवर आता बोइंग ७३७ उतरू लागलं. आकडा जुळणं हा निव्वळ योगायोग, पण डोळा तिथे अडतोच. मेलबर्न, ऑकलंड, हाँगकाँग, मनिला, अगदी जपानमधलं कागोशिमासुद्धा. पहिले राष्ट्राध्यक्ष हॅमर डीरॉबर्ट यांच्या काळात नौरूच्या विमानांनी प्रशांत महासागरातली बेटं एकमेकांना जोडली. एका बेटावरून शेजारच्या बेटावर जायला पूर्वी किती खटपट पडे, हे लक्षात घेतलं तर ही सोय लहान नव्हती.

फक्त खुर्च्या भरत नव्हत्या. बहुतेक विमानं अर्ध्याहून अधिक रिकामी उडत. तोटा सरकार भरून काढी, आणि सरकारचा पैसा म्हणजे फॉस्फेट. विमानतळावर बसलेल्या प्रवाशांना तसंच ठेवून विमान सरकारी कामाला नेलं जाई, असेही किस्से आहेत. इकडे मेलबर्नमध्ये ५२ मजली ‘नौरू हाउस’ उभं राहिलं. १९९३मध्ये लंडनच्या रंगभूमीवर लिओनार्दो दा विंचीवरचं एक संगीत नाटकही नौरूच्या पैशातून आलं आणि साफ आपटलं. १९८८मध्ये वैमानिक संपावर गेले आणि विमानं जमिनीवरच राहिली. तिथून कंपनी सावरली नाही.

मला या हिशेबात वाया गेलेल्या पैशापेक्षा दुसरीच गोष्ट खटकते. फॉस्फेट एक दिवस संपणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवसासाठी ट्रस्टही होता. तोही फसलेल्या गुंतवणुकींत आटला. खाण आटली, नौरू हाउस २००४मध्ये विकलं गेलं. ताफ्यातलं एकेक विमान गेलं आणि शेवटी एकच ७३७ उरलं, तेही कर्जाचं.

डिसेंबर २००५मध्ये अमेरिकेच्या एक्स्पोर्ट-इम्पोर्ट बँकेने थकलेल्या कर्जापोटी ते मेलबर्नमध्ये जप्त केलं. ज्या बेटावर जवळजवळ सगळं अन्न बाहेरून येतं, त्याचा हवाई रस्ता एका दिवसात बंद झाला. लोक जिथे होते तिथेच अडकले. पुन्हा समुद्राकडे, जहाजांकडे बघणं आलं.

पुढच्या वर्षी तैवानच्या मदतीने एक जुनं ७३७ आलं. नौरूने त्याच सुमारास चीनशी संबंध तोडून तैवानशी जोडले होते, म्हणजे ही मदतही फुकटची नव्हती. कंपनीला नवं नाव मिळालं, ‘अवर एअरलाइन’, आपली विमानसेवा. २०१४मध्ये ती ‘नौरू एअरलाइन्स’ झाली आणि आजही उडते. तैवानशी असलेलं नातं मात्र जानेवारी २०२४मध्ये नौरूने पुन्हा तोडलं.