पारा खाली होता

स्कॉटलंडच्या आग्नेय टोकाला, इंग्लंडच्या हद्दीजवळ आयमाउथ नावाचं मासेमारीचं गाव आहे. मी गेलो होतो नुसता भटकायला. बंदर बघितलं, फिश अँड चिप्स खाल्ले. मग समुद्राकाठी ब्राँझचं एक शिल्प दिसलं. लहान लहान आकृत्या, सगळ्या बायका-मुलांच्या, समुद्राकडे बघणाऱ्या. त्यात पुरुष का नाहीत, हे शोधताना मी १८८१ सालात पोहोचलो.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार. आधीचे काही दिवस खराब हवेमुळे बोटी बंदरातच होत्या. त्या सकाळी वारा पडला, आकाश मोकळं झालं. धक्क्यावरच्या बॅरोमीटरचा पारा मात्र फार खाली होता. तरी बोटी निघाल्या. दुपारी वादळ आलं. परतणाऱ्या काही बोटी बंदराच्या तोंडाशी खडकांवर फुटल्या, काठावर उभ्या असलेल्या घरच्यांच्या डोळ्यांदेखत. एकूण १८९ जण गेले. आयमाउथचे १२९, शेजारच्या बर्नमाउथचे २४, कोव्हचे ११, सेंट अ‍ॅब्सचे ३. बाकीचे एडिनबराजवळच्या न्यूहेवन आणि फिशररो गावांचे.

मी सर्व्हर सांभाळतो. आमच्याकडे काही कोसळलं की पहिला प्रश्न असतो, अ‍ॅलर्ट आला होता का? इथे आला होता, आणि लोकांनी तो वाचलाही होता. पण मासळी नाही तर पैसा नाही. बायकांनी शेकडो गळांना शिंपल्यांचं आमिष लावून ठेवलेलं, तेही सडणार. शिवाय बंदर इतकं उथळ की ओहोटीला बोट आत येत नसे. ते खोल करायला पैसा हवा होता. पण चर्च मासळीवर दशांश कर मागत असे, आणि दीर्घ भांडणानंतर त्यातून सुटायला गावाने २,००० पौंडांचं ओझं घेतलं होतं. म्हणून ‘मूर्ख होते, इशारा ऐकला नाही’ असं म्हणणं मला पटत नाही. इशारा ऐकायलाही घरात चार दिवसांचं धान्य लागतं.

तुम्ही गेलात तर आयमाउथच्या म्युझियममधलं भरतकाम बघा. १९८१ साली शताब्दीला गावातल्या बायकांनी ते शिवलं. मग किनाऱ्याची पायवाट धरून सेंट अ‍ॅब्सपर्यंत चाला. तिथे, बर्नमाउथला आणि कोव्हलाही असंच एकेक शिल्प आहे. सेंट अ‍ॅब्सचं मोजायला वेळ लागत नाही. आयमाउथचं मोजताना मी मध्येच थांबलो.