‘यूबरफ्रेम्डुंग’ : एक लहान पक्ष आणि एक शब्द

लहान राजकीय पक्षांचे महत्त्व त्यांनी मिळविलेल्या जागांवरून ठरविण्याची प्रथा आहे. स्वित्झर्लंडमधील ‘नॅशनल अ‍ॅक्शन’ ह्या पक्षास हेच माप लावले, तर त्याचा इतिहास चार ओळींत संपतो. इ. स. १९६१ मध्ये विंटरथूर येथे त्याची स्थापना झाली. १९६७ मध्ये जेम्स श्वार्त्सेनबाख हे त्याचे एकमेव प्रतिनिधी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आले. १९९० मध्ये पक्षाने ‘स्विस डेमोक्रॅट्स’ हे नाव धारण केले. आणि २००७ मध्ये त्या सभागृहातील त्याची अखेरची जागाही गेली. तथापि पक्षाच्या मूळ जर्मन नावात जो एक शब्द होता, त्याच्या अंगाने पाहू गेल्यास हा इतिहास निराळा दिसतो.

‘यूबरफ्रेम्डुंग’ हा तो शब्द. ‘फ्रेम्ड’ म्हणजे परका. त्याच्या आधी ‘अति’ ह्या अर्थाचा उपसर्ग लागून परकीयांच्या अतिरेकाने देश व्यापला जाणे, असा अर्थ सिद्ध होतो. इ. स. १९०० च्या सुमारास झुरिक येथील कार्ल आल्फ्रेड श्मिड ह्यांच्या लेखनातून तो पुढे आला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या काळी ह्या ‘रोगा’वर सुचविला जाणारा मुख्य उपाय परकीयांना घालवून देणे हा नसून त्यांना लवकर नागरिक करून घेणे हा होता. पहिल्या महायुद्धानंतर हा उपाय उलटला. १९३१ च्या परकीयविषयक कायद्याने परवाना देताना ‘यूबरफ्रेम्डुंग’चे प्रमाण विचारात घेण्याचे बंधन अधिकाऱ्यांवर घातले. पुढे परकीयांचे प्रमाण १९१० मधील सुमारे १५ टक्क्यांवरून १९४१ मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास उतरले. परंतु शब्द कायद्यात तसाच राहिला. वस्तुस्थिती ओसरली तरी संज्ञा ओसरत नाही, ती अशी.

युद्धोत्तर भरभराटीच्या काळात कारखाने, रस्ते व धरणे ह्यांसाठी मजूर आले, ते प्रामुख्याने इटलीतून. १९७० पर्यंत परकीयांचे प्रमाण १७ टक्क्यांच्या घरात गेले. तेव्हा श्वार्त्सेनबाख ह्यांच्या पुढाकाराने मांडलेल्या प्रस्तावात प्रत्येक कँटनमध्ये परकीयांची मर्यादा १० टक्के, जिनीव्हापुरती २५ टक्के, असावी अशी मागणी होती. नऊ महिन्यांच्या परवान्यावर एकटे येणारे हंगामी मजूर मात्र त्या गणनेतून वगळले होते. म्हणजे श्रम हवे होते. कुटुंब नको होते. हंगामी मजुरांना बायकामुले आणण्यास मनाईच होती. त्यामुळे कित्येकांनी आपली मुले चोरून आणली, आणि ती मुले शाळेविना, आवाज न करता, बंद खोल्यांत वाढली. ‘अतिरेक’ ह्या अमूर्त नामात ज्यांची गणना होत होती, ती ही माणसे होती.

७ जून १९७० रोजी सुमारे ७५ टक्के मतदारांनी मतदान केले. सर्व मतदार पुरुष होते, कारण स्त्रियांना संघराज्यीय मताधिकार १९७१ मध्ये मिळाला. प्रस्ताव ५४ विरुद्ध ४६ टक्के मतांनी फेटाळला गेला. परंतु मतदानापूर्वीच, मार्च १९७० मध्ये, सरकारने नव्या परकीय कामगारांच्या संख्येवर देशव्यापी मर्यादा घातली होती. श्वार्त्सेनबाख ह्यांनी लवकरच वेगळा पक्ष काढला. १९७१ मध्ये त्यांच्या नव्या पक्षास सात व मूळ पक्षास चार जागा मिळाल्या. मूळ पक्षाचा १९७४ चा अधिक कडक प्रस्ताव मोठ्या बहुमताने पडला.

पुढे १९९० नंतर स्विस पीपल्स पार्टी ह्या मोठ्या पक्षाने हाच विषय हाती घेतला आणि लहान पक्षाचे मतदार तिकडे वळले. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी त्या पक्षाचा स्थलांतर-मर्यादेचा प्रस्ताव ५०.३ टक्के मतांनी संमत झाला, तेव्हा ‘नॅशनल अ‍ॅक्शन’चा वारस संसदेत उरला नव्हता. १९३१ चा कायदाही २००८ मध्ये जाऊन त्याची जागा नव्या कायद्याने घेतली होती.

हा शब्द त्या पक्षाने निर्माण केला नव्हता. तो त्यास शासनाच्या कायद्यातून आयता मिळाला होता. पक्षाने त्यास मतपेटीपर्यंत नेले, एवढेच. म्हणून अशा पक्षांच्या उगमाचा शोध घेताना सभांतील भाषणांइतकेच अधिकृत परिभाषेकडेही पाहणे अगत्याचे ठरते.