व्हाइसरॉयची सुट्टी आणि भरतपूरची बदकं



आज फवारणी नाही, बाजारभाव नाही. थोडा इतिहास लिहितो. थंडी पडली की आमच्या नांदूर मधमेश्वरच्या पाण्यावर बदकं उतरतात. बाहेरून बघायला येणारे म्हणतात, हे महाराष्ट्राचं भरतपूर. म्हटलं, खरं भरतपूर काय आहे ते तरी वाचू. वाचत गेलो तर बदकांपेक्षा माणसांचीच गोष्ट जास्त निघाली.

भरतपूर राजस्थानात, आग्र्याच्या अलीकडं. तिथं एक मोठी खोलगट जमीन आहे. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पुराचं पाणी तिकडं पसरायचं. अठराव्या शतकात राजा सूरजमल यांच्या काळात तिथं अजान बांध झाला. पुढं १९०० च्या आसपास संस्थानानं त्या बांधाचं पाणी पाटानं या खोलगट जमिनीत आणलं. आत लहान लहान बांध घातले, पाणी सोडायला-अडवायला दारं बसवली. म्हणजे आपल्याकडच्या पाटकऱ्याचंच काम. फक्त खाली ऊस नव्हता की गहू नव्हता. पीक होतं बदकाचं, आणि ते कापायला येणार होते पाहुणे.

पहिली मोठी शिकार १९०२ साली लॉर्ड कर्झनच्या मानात झाली. तेव्हा साडेपाचशेच्या आत पक्षी पडले. नंतर आकडा फुगत गेला. १९१४ ला हार्डिंगच्या वेळी ४,०६२. १९१६ ला चेम्सफर्डच्या वेळी ४,२०६. आणि १२ नोव्हेंबर १९३८ ला लिनलिथगोच्या वेळी ४,२७३. हे एका दिवसाचे आकडे आहेत. केवलादेव महादेवाच्या मंदिराजवळ दगडावर कोरून ठेवलेत, आजही वाचता येतात. १९३८ ला बंदुका चाळीसेक होत्या. भागाकार करा, एका बंदुकीला शंभरावर पक्षी येतात.

आता कुणी म्हणेल, नुसती कत्तल. होतीच. पण ही माणसं तिथं का जायची, हेही समजून घेतलं पाहिजे. हार्डिंगचं बघा. १९१२ च्या डिसेंबरात दिल्लीच्या चांदणी चौकात त्याच्या हत्तीवर बाँब पडला, तो जखमी झाला. १९१४ च्या जुलैत बायको वारली. ऑगस्टात महायुद्ध लागलं, हिंदी पलटणी फ्रान्सला निघाल्या, त्याचा मुलगाही लढाईवर गेला आणि त्याच डिसेंबरात जखमांनी मेला. अशा माणसाला पहाटेच्या धुक्यात पाण्याकाठी आडोशाला बसून दोन तास काही ऐकायचं नसेल, तर मला ते कळतं. तिथं फाईल येत नाही. शिष्टमंडळ येत नाही. वारा कुठून आहे, थवा कुठून उठेल, एवढंच डोक्यात. बदक येतं ते झपाट्यानं, दुसरा विचार करायला सवडच देत नाही.

आमच्या गावात सोसायटीची निवडणूक लागली की मीसुद्धा पहाटे पाण्याकडं जातो. हातात बंदूक नाही, आता १९७२ च्या कायद्यानं ती चालतही नाही. चहाची बाटली घेऊन बसायचं. थापट्या पाण्यात चोच घासत फिरतो, चक्रवाकांची जोडी ओरडते, आणि कोणत्या पॅनलचा कोण फुटला हे तासभर विसरायला होतं. म्हणून त्या मजेला मी नावं ठेवणार नाही.

पण लिनलिथगोची गोष्ट वेगळी वाटते. हा माणूस आपल्या कामातला. व्हाइसरॉय होण्याआधी तो शेतीविषयक शाही आयोगाचा अध्यक्ष होता. त्या आयोगाचा अहवाल १९२८ ला आला आणि त्याच्या शिफारशीवरून १९२९ ला जी परिषद निघाली, तीच आजची आयसीएआर. व्हाइसरॉय झाल्यावर गावोगावची जनावरं सुधारायला वळू द्या म्हणून त्यानं मोहीमही काढली. म्हणजे शेती, जनावरं, चारा त्याला कळत होतं.

तो भरतपूरला आला ते दिवस कसले होते? बहुतेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं होती. संस्थानांत प्रजा जागी होऊन हक्क मागत होती. युरोपात म्यूनिकचा करार होऊन दीड महिनाही झाला नव्हता. आणि लिनलिथगोच्या डोक्यावर एक मोठं काम होतं, १९३५ च्या कायद्याप्रमाणं राजेरजवाड्यांना संघराज्यात आणायचं. राजे काही हो म्हणेनात. काँग्रेसलाही तो आराखडा पसंत नव्हता. आता गंमत बघा, राजकारणातून सुट्टी घ्यायची तर गेला कुठं? संस्थानाच्याच पाण्यावर. व्हाइसरॉयला खूश ठेवणं हेच संस्थानाचं राजकारण होतं, आणि बदकं हा त्यातला नजराणा. पाहुणा थकवा घालवायला यायचा आणि यजमान आपलं काम साधायला.

वर्षही गेलं नाही. ३ सप्टेंबर १९३९ ला यानंच इथल्या कुणा पुढाऱ्याला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. संघराज्याचं काम गुंडाळून ठेवलं गेलं. १९४३ ला बंगालात माणसं उपाशी मेली तेव्हा हा शेतीचा जाणकार तिकडं फिरकला नाही. त्याच्या जागी आलेला वेव्हेल मात्र काही दिवसांतच गेला.

भरतपूरचं पुढं काय झालं ते आपल्या लोकांनी नीट वाचावं. स्वातंत्र्यानंतर आजूबाजूच्या गावांतून मागणी आली की पाणी शेतीला द्या, जमीन कसायला द्या. मागणी चूक होती असं मी तरी म्हणणार नाही. पक्षितज्ज्ञ सालीम अली यांनी नेहरूंपर्यंत जाऊन ते पाणथळ वाचवलं. १९५६ ला अभयारण्य झालं, तरी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत राहिलाच. पुढं राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८२ ला चराई बंद केली. पिढ्यान् पिढ्या तिथं म्हशी सोडणारी माणसं अडली, दंगा झाला, पोलिसांच्या गोळीबारात गावकरी मेले. बंदुकीचा आवाज थांबला थांबला म्हणेपर्यंत तो माणसांवर निघाला. हे मात्र कुठल्या दगडावर कोरलेलं माझ्या वाचनात नाही.

आणि इथंच ॲग्रोनॉमीवाल्या मित्रांसाठी मुद्दा आहे. म्हशी बंद झाल्यावर पाण्यातलं गवत, पास्पॅलम नावाचं, बेसुमार माजलं. उघडं पाणी कमी झालं, बदकांना उतरायला आणि खायला जागा उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा तिथं दहा वर्षं अभ्यास चालला होता, त्यातून निघालं ते हेच की म्हैस या पाण्याच्या घडीतलाच एक भाग आहे. ज्यांनी चराईबंदीला पाठिंबा दिला होता त्यांनाच हे लिहावं लागलं. कुठल्याही म्हसराच्या मालकानं हे फुकटात सांगितलं असतं, पण त्याला विचारायला कोण गेलं!

त्यानंतर वर, करौलीकडं गंभीर नदीवर पांचना धरण झालं आणि खाली येणारं पाणी आटलं. पाणी पिकाला की पक्ष्याला, हा वाद तिथं अजून निघतो. आपल्यालाही तो नवा नाही. नांदूर मधमेश्वरचा बंधाराही इंग्रजांच्या काळातला, तोही सिंचनासाठीच. गोदावरी-कादवेचा गाळ साठून फुगवट्यात दलदल झाली, पक्षी आपोआप आले, आणि २०२० मध्ये रामसर यादीत नाव लागलं. आवर्तन सोडलं की फुगवटा उतरतो, आणि बदकं उरलेल्या पाण्याकडं सरकतात.

आमच्याकडं गव्हाला दुसरं पाणी चालू आहे. तुमच्या तलावावर यंदा कोणकोणती बदकं उतरली, आणि म्हशी त्या पाण्यात जातात का, तेवढं कळवा.