व्यसन, वेड आणि निवासी उपचार : गांजा आयोग ते मानसिक आरोग्य सेवा अधिनियम (१८९३–२०१७)

प्रस्तावना

व्यसनाधीन व्यक्ती ही रुग्ण मानावी की दुर्गुणी, हा वाद जुना आहे. त्याहून कमी चर्चिला गेलेला, परंतु उपचारांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की, एकाच व्यक्तीच्या ठिकाणी व्यसन आणि मनोविकार दोन्ही आढळत असतील तर तिला कोणत्या दाराशी न्यावे? मनोरुग्णालयाच्या की व्यसनमुक्ती केंद्राच्या? वैद्यकशास्त्रात या अवस्थेला 'दुहेरी निदान' असे म्हणतात. ही संज्ञा १९८० नंतर रूढ झाली असली तरी प्रश्न नवा नाही. भारतात तो १८९३ साली एका सरकारी आयोगापुढे आला होता आणि त्या आयोगाने त्याचे उत्तर शोधण्याची जी पद्धत अवलंबिली ती आजही विचार करावयास लावणारी आहे. प्रस्तुत लेखात गेल्या सव्वाशे वर्षांत भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, व्यसन आणि मनोविकार यांच्या निवासी उपचारांचे प्रवाह कसे वेगळे झाले, त्यांची मर्यादित प्रमाणात पुनर्भेट कशी झाली आणि या फारकतीची किंमत कोणाला मोजावी लागली, याचा मागोवा घेतला आहे.

१. 'कारण' या रकान्याचा इतिहास

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश हिंदुस्थानात वेड्यांची इस्पितळे स्थापन झाली. मुंबईतील कुलाबा, रत्नागिरी, नागपूर आदी ठिकाणी अशी इस्पितळे होती. १८५८ च्या कायद्यान्वये भटकणाऱ्या अथवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्यास पोलीस पकडीत, दंडाधिकाऱ्यापुढे उभे करीत आणि त्याच्या आदेशाने इस्पितळात धाडीत. रुग्णासोबत एक वर्णनपत्रक येई. त्यात नाव, जात, वय, धंदा यांबरोबर 'वेडाचे कारण' असाही एक रकाना असे.

हा रकाना भरण्याचे काम बहुधा वैद्याकडे नव्हते. ते पोलिसांकडे व कनिष्ठ अधिकाऱ्यांकडे होते. पकडलेल्या माणसाचा ठावठिकाणा माहीत नाही, नातेवाईक जवळ नाहीत, आणि रकाना रिकामा ठेवण्याची मुभा नाही, अशा स्थितीत 'गांजा' हे सोयीचे उत्तर होते. फिरस्ता, बैरागी, भिकारी यांच्या बाबतीत तर त्याविषयी शंका घेण्याची गरजच कोणास वाटत नसे. वरिष्ठ अधिकारी ही पत्रके एकत्र करून वार्षिक कोष्टके तयार करीत. त्या कोष्टकांवरून 'गांजामुळे वेड लागते' हे मत सरकारी अहवालांत दृढ झाले. ज्या अज्ञानातून नोंद झाली, तेच अज्ञान कोष्टकात शिरताच पुरावा ठरले.

२. भारतीय गांजा आयोग (१८९३–९४)

मार्च १८९३ मध्ये मद्यपानविरोधी चळवळीतील पुढारी डब्ल्यू. एस. केन यांनी ब्रिटिश संसदेत गांजाच्या दुष्परिणामांविषयी प्रश्न उपस्थित केला. त्याचा परिणाम म्हणून जुलै १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते आणि सात जणांच्या या आयोगात तीन भारतीय सदस्य होते. आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले व १८९४ मध्ये आपला अहवाल सादर केला.

आयोगाच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा आहे. आयोगाने १८९२ या एका वर्षातील प्रवेश तपासावयास घेतले. त्या वर्षी दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांचे, म्हणजे सुमारे एकषष्ठांश रुग्णांचे वेड गांजा, भांग वा चरस यांमुळे उद्भवल्याचे कागदोपत्री नमूद होते. आयोगाने या प्रकरणांचे मूळ कागद मागविले आणि रुग्णांच्या गावी चौकशी करविली. हा माणूस पूर्वी कसा होता, घराण्यात कोणास वेड होते काय, गांजा आधी की भ्रम आधी, असे प्रश्न प्रथमच पद्धतशीरपणे विचारले गेले.

चौकशीअंती २२२ पैकी केवळ ९८ प्रकरणे ग्राह्य ठरली. त्यांतही केवळ गांजादी पदार्थ हेच कारण मानता येईल अशी ६१ होती. उर्वरित ३७ प्रकरणांत इतर कारणेही मिसळलेली होती. एकूण प्रवेशांशी हे प्रमाण सुमारे ७.३ टक्के पडते. काही प्रकरणांत तर रुग्णाने गांजा ओढल्याचाच पुरावा मिळाला नाही.

आयोगाने गांजाला सर्वस्वी निर्दोष ठरविले असे मात्र नाही. मर्यादित सेवनाने मनावर अपाय होत नाही, परंतु अतिरेकी सेवनाने, विशेषतः मुळातच मनाची दुर्बलता अथवा आनुवंशिक प्रवृत्ती असल्यास, वेड उद्भवू शकते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याचबरोबर अतिरेकी सेवन हे वेडाचे कारण नसून कित्येकदा त्याचे पहिले लक्षणही असू शकते, ही शक्यता आयोगाने नोंदविली. मन आधीच ढळू लागलेला माणूस नशेकडे वळतो. पाहणाऱ्यास मात्र प्रथम नशा दिसते आणि तीच कारण वाटते. १९८५ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खांत्झियन यांनी 'स्वयं-औषधोपचारा'चा सिद्धान्त मांडला. व्यसनी माणूस आपल्या मनोवेदनेवर आपल्या परीने औषध शोधीत असतो, हे त्याचे सार होय. व्यसन आणि मनोविकार यांच्या क्रमाविषयीची ही शंका गांजा आयोगाच्या कागदपत्रांत नव्वद वर्षे आधी उमटली होती, ही बाब लक्षणीय आहे.

३. दोन प्रवाहांची फारकत

आयोगाच्या या शहाणपणाचा उपचारांवर फारसा परिणाम झाला नाही. १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्याने स्वेच्छेने दाखल होण्याची वाट थोडी मोकळी केली. परंतु रुग्णाचा प्रवेश मुख्यतः दंडाधिकाऱ्याच्या आदेशावरच अवलंबून राहिला. पुढे 'वेड्यांचे इस्पितळ' हे नाव जाऊन 'मनोरुग्णालय' हे नाव आले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याजवळ येरवडा येथे विस्तीर्ण आवारात असे रुग्णालय उभे राहिले. भिंती, कुलपे आणि दीर्घ वास्तव्य हे त्या काळातील अशा संस्थांचे सामान्य स्वरूप होते.

व्यसनाचा प्रश्न दरम्यान दुसऱ्याच वाटेने गेला. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. १९१९ साली राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले आणि मराठी मध्यमवर्गाच्या मनात मद्यपी माणसाची एक शोकात्म प्रतिमा कायमची कोरली गेली. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात दारूबंदीचे मार्गदर्शक तत्त्व समाविष्ट झाले व १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला. या संपूर्ण वाटचालीत मद्यपी हा उपदेशाचा, कायद्याचा वा करुणेचा विषय होता; उपचाराचा क्वचितच होता. प्रकृतीच्या कारणास्तव मद्य बाळगण्याचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात होती, परंतु मद्य सोडू इच्छिणाऱ्याने कोठे जावे याचे उत्तर कायद्यापाशी नव्हते.

अमेरिकेतील घडामोडींचा येथे संक्षेपाने उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण भारतातील पुढील प्रयोगांवर त्यांची छाया पडली. १९३५ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे 'नार्कोटिक फार्म' हे कैदी व स्वेच्छेने आलेले रुग्ण यांना एकत्र ठेवणारे सरकारी रुग्णालय सुरू झाले, आणि त्याच वर्षी ओहायो राज्यातील ॲक्रन येथे 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही मद्यपींची परस्परसाहाय्य चळवळ जन्मली. लेक्सिंग्टनमधून बाहेर पडलेले बहुसंख्य रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळत. दुसरीकडे, भिंती व पगारी तज्ज्ञ नसलेली चळवळ जगभर पसरली व १९५७ मध्ये मुंबईत पोहोचली. १९५० च्या दशकात मिनेसोटातील विलमार येथील सरकारी मनोरुग्णालयात मद्यपींच्या वॉर्डाची कुलपे काढण्यात आली आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तींना समुपदेशक म्हणून नेमण्यात आले. निवासी उपचार आणि परस्परसाहाय्य यांचा हा संयोग पुढे सर्वत्र अनुकरणीय ठरला.

४. गर्दचे आगमन आणि येरवड्याचा प्रयोग

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबई-पुण्यात 'ब्राऊन शुगर' अर्थात गर्द येऊन पोहोचली. तिने मध्यमवर्गीय घरांतील महाविद्यालयीन मुलांनाही ग्रासले. नशा न मिळाल्यास होणारी तडफड, जिला गर्दुल्ल्यांच्या भाषेत 'टर्की' म्हणत, ती उपदेशाने वा शिक्षेने थांबणारी नव्हती. चेन्नई येथे १९८० मध्ये शांती रंगनाथन यांनी टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशनची आणि मुंबईत १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन'ची स्थापना केली होती. १९८५ मध्ये अंमली पदार्थविषयक कठोर कायदा संमत झाला.

पुण्यात पत्रकार-लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्याविषयी लेखन केले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले. अवचट यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या मनोविकारतज्ज्ञ येरवडा मनोरुग्णालयात कार्यरत होत्या. त्यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच रुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले.

या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व केवळ एका संस्थेच्या स्थापनेपुरते नाही. सत्तर वर्षे दोन वाटांनी गेलेले प्रवाह येथे एका आवारात भेटले. मनोविकारशास्त्राचे शिक्षण घेतलेली व्यक्ती प्रमुखपदी होती. परंतु उपचाराचे स्वरूप वॉर्डाचे नव्हते. प्रारंभी शारीरिक त्रासावर औषधोपचार, नंतर समूह उपचार, समुपदेशन, योग, कला, श्रम, कुटुंबीयांचा सहभाग आणि घरी परतल्यानंतरचा पाठपुरावा, अशी सुमारे पाच आठवड्यांच्या निवासाभोवतीची रचना तेथे विकसित झाली. बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. १९९७ मध्ये डॉ. अनिता अवचट यांचे निधन झाल्यावरही कार्य चालू राहिले. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे त्याची धुरा सांभाळली.

मनोविकाराची ओळख असलेला वैद्य व्यसनमुक्ती केंद्रात असणे याला व्यावहारिक अर्थ आहे. नशा उतरल्यावर रुग्ण उदास दिसतो, त्यास भास होतात, झोप लागत नाही. ही लक्षणे नशा सुटल्याची आहेत की तिच्याखाली दडलेल्या आजाराची, हे काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवल्यावाचून ठरविता येत नाही. निवासी उपचाराचे खरे वैद्यकीय प्रयोजन येथे आहे. रुग्णास कोंडून ठेवण्यासाठी ते नाही. आधी काय आणि नंतर काय याचा उलगडा होण्यास लागणारा अवधी त्यातून मिळतो.

५. कायदा व प्रशासन : दोन खाती, एक रुग्ण

मात्र शासकीय पातळीवर फारकत टिकून राहिली. व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान समाजकल्याण खात्याकडून, तर मनोरुग्णालये आरोग्य खात्याकडे, अशी विभागणी झाली. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने वर्तनबदल घडविणाऱ्या व्यसनांच्या रुग्णांसाठी स्वतंत्र मनोविकार रुग्णालये स्थापण्याची तरतूद केली. परंतु अशी रुग्णालये पुरेशा संख्येने उभी राहिली नाहीत. परिणामी, स्किझोफ्रेनिया असलेला मद्यपी केंद्रातून 'हा मनोरुग्ण आहे' म्हणून, आणि मनोरुग्णालयातून 'हा व्यसनी आहे' म्हणून परत पाठविला जाण्याची परिस्थिती निर्माण झाली.

असे रुग्ण अपवादात्मक नाहीत. १९९० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या व्यापक पाहणीत मद्यविकार असलेल्यांपैकी ३७ टक्के आणि अन्य अंमली पदार्थांचे विकार असलेल्यांपैकी ५३ टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी मनोविकार झाल्याचे आढळले. भारतात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ मधील राष्ट्रीय पाहणीनुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकास कोणताही उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण तर १८० मध्ये एक इतके अल्प होते. ही पोकळी अप्रशिक्षित खासगी केंद्रांनी भरून काढली. त्यांपैकी काहींत डांबून ठेवणे, मारहाण करणे असे प्रकार घडल्याच्या बातम्या वेळोवेळी प्रसिद्ध झाल्या आहेत. एकोणिसाव्या शतकातील कुलपे अशा रीतीने परत आली.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मद्य व अंमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा 'मानसिक आजारा'च्या व्याख्येत स्पष्ट समावेश केला. साखळदंडाने बांधण्यास बंदी घातली आणि मानसिक आजाराच्या रुग्णांस दाखल करून घेणाऱ्या संस्थांना नोंदणी आवश्यक केली. कायद्याच्या भाषेत तरी दोन प्रवाह एक झाले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, व्यसन व मनोविकार यांचे परस्परसंबंध समजून घेण्यात अडथळा ज्ञानाच्या अभावाइतकाच नोंदीच्या घाईचा राहिला आहे. १८९२ साली पोलीस शिपायाने 'गांजा' असे लिहिले आणि रुग्णाच्या मनात खरोखर काय चालले होते हा प्रश्न मिटला. आजही 'दारुडा' हा शिक्का बसला की नैराश्य वा भ्रम यांची चौकशी थांबते. 'वेडा' हा शिक्का बसला की व्यसनाची थांबते. गांजा आयोगाने ही घाई नाकारली, गावोगावी चौकशी करविली आणि त्यातून २२२ पैकी १२४ नोंदी टिकू शकल्या नाहीत. येरवड्यातील प्रयोगाने तोच धडा उपचारांच्या क्षेत्रात गिरविला : रुग्णास अवधी द्यावा, त्याच्या कुटुंबास विचारावे, आणि घरी परतल्यावरही त्याची विचारपूस करीत राहावे. २०१७ च्या कायद्याने दोन्ही दारे एका छपराखाली आणली आहेत. त्या दारांशी आलेल्या रुग्णाचा 'कारण' हा रकाना कोण भरतो, आणि तो भरण्यापूर्वी किती वेळ थांबतो, यावरच त्या कायद्याचे यश अवलंबून राहील.