रविवारची वाट

श्रोते हो, आपल्या गावातल्या एखाद्या पोराला सहज विचारून पाहा, "काय रे, सध्या कशाची वाट बघतोयस?" तो सांगेल, बाजाराच्या दिवसाची. का, तर आजोबा बाजारातून येताना शेव-चिवड्याचा पुडा आणतात. घरातल्या सुनेला विचारा. ती पंचमीला माहेरी जाण्याचे दिवस मोजत असते. म्हातारी आषाढीकडे डोळे लावून बसलेली असते. आणि बैलांना बोलता आलं असतं, तर त्यांनी पोळ्याचं नाव घेतलं असतं. माणूस भाकरीवर जगतो हे खरंच. पण पुढे चार घटका सुखाच्या येणार आहेत, या आशेवरही तो तितकाच जगतो.

आज मी अशाच एका लहानशा सुखाचा इतिहास सांगणार आहे. हे सुख इतकं रोजच्या सवयीचं झालं आहे की त्याला इतिहास असेल असं आपल्या मनातही येत नाही. ते सुख म्हणजे रविवारची सुट्टी. आणि ही गोष्ट सांगायला मी मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागात जाणार आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा कुणी भाऊ, कुणी मुलगा, कुणी भाचा तिथे राहत असेल. त्याच्या पत्रात किंवा फोनवर 'रविवारी निवांत बोलू' हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल.

ही उपनगरं म्हणजे मूळचं साष्टी बेट. भातशेती, मिठागरं, ताडाची झाडं, कोळ्यांच्या आणि आगऱ्यांच्या वस्त्या, डोंगरात वारल्यांचे पाडे. हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला, आणि १९५० व १९५७ अशा दोन टप्प्यांत ही गावं बृहन्मुंबईत आली. म्हणजे आज ज्याला आपण महानगर म्हणतो, तो भाग परवापरवापर्यंत तुमच्या-आमच्या गावासारखाच होता.

या साष्टीत विसाव्याची सोय फार जुनी आहे. बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. शंभरावर लेणी, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासपासून पुढे हजारएक वर्षं तिथे बौद्ध भिक्षूंची वस्ती. कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांनी या लेण्यांना दानं दिली आणि ती दगडावर कोरून ठेवली. ही दानं कसली? कुणी राहायची खोली खोदवली. कुणी पाण्याची टाकी खोदवली. त्या टाक्यांना शिलालेखांत 'पोढी' असा शब्द आहे. आणि कुणी खर्च केला तो नुसत्या बसण्याच्या कट्ट्यांसाठी. एका लेखात मंगलस्थान नावाच्या गावातलं शेत दान दिल्याची नोंद आहे. हे मंगलस्थान म्हणजे आजचं बोरिवलीजवळचं मागाठाणे.

कान्हेरीला गेलात, तर ओसरीतल्या त्या दगडी कट्ट्यावर जरूर बसा. समोर जंगल, खाली ओढा. दिवसभर चालून आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा हवी, तहान लागली तर पाणी हवं, एवढा साधा विचार करून कुणीतरी गाठीचे पैसे मोजले. दोन हजार वर्षं होत आली, दगड अजून तिथेच आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला त्या कट्ट्यावरून एक गोष्ट कळते. सुख लहान असलं तरी ते आपोआप होत नाही. त्याची कुणीतरी व्यवस्था करावी लागते.

आता एकदम दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या काळात येऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली. आज जिथे घाटकोपर, भांडुप, मुलुंड आहे, त्याच शिवारातून तिने वाट काढली. पश्चिमेच्या बाजूला १८६७च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली. दिवसाला किती? जाणारी एक आणि येणारी एक. सकाळी पावणेसातला विरार सोडायचं आणि संध्याकाळी साडेपाचला मुंबईहून परत फिरायचं. त्या वेळच्या कागदपत्रांत अंधेरीचं नाव 'अंदारू' आणि बोरिवलीचं 'बेरेवला' असं लिहिलेलं सापडतं. नाव कसंही लिहा, गाडीनं एक नवी गोष्ट आणली, ती म्हणजे घड्याळ. तोवर सूर्य कासराभर वर आला की औत सोडायचं आणि दिवेलागण झाली की घरी यायचं, हा हिशेब होता. आता पावणेसात म्हणजे पावणेसात!

त्याच सुमारास मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहत होत्या. तिथे घड्याळाच्या जोडीला भोंगा आला. कोकणातून, घाटावरून माणसं कामाला आली. त्यांना कामाचे तास किती? सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं. आणि सुट्टी? चार मोठे सण सोडले, तर हक्काची सुट्टी नाही. आपल्याकडे कितीतरी गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. महादेवाचा वार, म्हणून नंदीला विसावा. जी सवलत नंदीला होती, ती गिरणीत माग चालवणाऱ्या त्याच्या धन्याला नव्हती!

इथे एका माणसाचं नाव घ्यायला हवं. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ सालचा, शिक्षण ठाण्याला. रेल्वे आणि टपाल खात्यात कारकुनी केली, मग एका गिरणीत भांडारप्रमुख म्हणून काम धरलं. तिथे त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. १८८० मध्ये त्यांनी 'दीनबंधू' हे पत्र चालवायला घेतलं आणि १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली.

त्या वर्षी सरकारनं नेमलेल्या फॅक्टरी कमिशनकडे त्यांनी एक अर्ज पाठवला. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या काय होत्या, ते शिक्षक मंडळींनी वर्गात मुद्दाम वाचून दाखवावं. रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हातात पडावा. यंत्रात सापडून अपंग झालेल्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. एवढंच! यात राजवाडा मागितलेला नाही. अर्धा तास टेकायला आणि आठवड्यातून एक दिवस घरच्या माणसांत बसायला मागितलं आहे.

पण एवढ्यालाही सहा वर्षं लागली. अर्ज झाले, सभा झाल्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सजवळ सुमारे १०,००० कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलायला उभ्या राहिल्या. त्या काळात हजारो पुरुषांसमोर बाईनं उभं राहून 'आम्हांलाही एक दिवस हवा' म्हणणं, ही केवढी गोष्ट! शेवटी गिरणीमालकांच्या संघानं मागणी मान्य केली. तो दिवस होता १० जून १८९०. पुढच्याच वर्षी, १८९१च्या फॅक्टरी कायद्यानं आठवड्याच्या सुट्टीला कायद्याचं बळ मिळालं.

रविवारच का? राज्य साहेबाचं, त्याचा चर्चचा वार तो, हे एक कारण. पण आपल्या माणसाला रविवार परका वाटला नाही. रविवार हा खंडोबाचा वार. जेजुरीच्या देवाची तळी भरणाऱ्या महाराष्ट्राला तो आधीपासूनच ओळखीचा होता.

लोखंडे स्वतः मात्र फार रविवार पाहू शकले नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. रोग्यांची सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वय पन्नाशीच्या आतलं. साधारण महिन्याभरानं, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले त्याच प्लेगनं, तशीच सेवा करताना गेल्या.

मग हा रविवार उपनगरांत कसा आला? १९२८च्या जानेवारीत बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. गाडी वेगानं यायला लागली, तशी गावात माणसं राहायला आली, चाळी झाल्या, वाड्या झाल्या. १९५१ साली गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहतीचं उद्घाटन झालं. शहरातल्या गोठ्यांतल्या म्हशी माळरानावर आल्या. काचेच्या बाटलीतलं आरेचं दूध ही कितीतरी वर्षं मुंबईच्या सकाळची खूण होती. पहाटे केंद्रावर रांग लागे, रिकाम्या बाटल्यांचा किणकिणाट होई. त्या बाटल्या आता गेल्या, पिशव्या आल्या. पण त्या दुधाचा पहिला चहा आणि तोही घाई न करता पिण्याचा दिवस म्हणजे रविवार. आठवडाभर ज्यानं लोकलच्या दांडीला लोंबकळून प्रवास केला, तो त्या दिवशी पोरांना घेऊन कान्हेरीला जाई, आरेच्या बागेत जाई. दुपारी मासळीचं किंवा मटणाचं जेवण आणि वर एक झोप. सुख म्हणून याची नोंद कुठल्या बखरीत होणार? पण सोमवारपासून शनिवारपर्यंत माणसाला उभं ठेवण्याचं काम त्यानंच केलं.

लोकांनी प्रवासातही आपली सुखं शोधली. ठरलेल्या गाडीला, ठरलेल्या डब्यात भजनी मंडळं जमली. टाळ पिशवीतून निघाले, डब्याच्या पत्र्यावर ठेका धरला गेला. दसऱ्याला डब्याला तोरण बांधून पूजा होऊ लागली. बायकांच्या डब्यात हळदीकुंकू झालं. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठीची गाडी सुरू झाली. जगातली अशी पहिली गाडी म्हणून तिचं नाव घेतात. तिच्यात बसायला जागा मिळाली की पिशवीतली मेथीची जुडी बाहेर काढून निवडायला घ्यायची, म्हणजे घरी गेल्यावर तेवढीच दहा मिनिटं वाचतात.

आता इथे मला थोडं थांबायचं आहे. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. एकदा लोखंड्यांचा धडा झाल्यावर मी मुलांना विचारलं, "तुमच्या घरी रविवारी कोण काय करतं?" वडील पेपर वाचतात, भाऊ खेळायला जातो, अशी उत्तरं आली. मी विचारलं, "आणि आई?" वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, रविवारी आईला सगळ्यांत जास्त काम असतं. सोमवारी आम्ही सगळे गेलो की ती दहा वाजता एकटी बसून चहा पिते. तिचा रविवार तोच."

मला त्या दिवशी पुढचं शिकवता आलं नाही. १८९० मध्ये सभेत उभ्या राहिलेल्या त्या दोन बायका माझ्या डोळ्यांपुढे आल्या. गिरणीतल्या मागावरची सुट्टी त्यांना मिळाली, चुलीपुढची मिळाली का? घरोघर भांडी घासणाऱ्या बाईला, इमारतीच्या फाटकावर बसलेल्या रखवालदाराला, दूध घालायला पहाटे उठणाऱ्या गवळ्याला रविवार कुठला? आणि मंडळी, शेतकऱ्याच्या घरी तरी कुठला? जनावरांना वैरण रविवारीही लागतेच. लोखंड्यांचं काम पुरं झालं असं आपल्याला म्हणता येणार नाही. ते आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलेलं आहे.

यावर उपाय काय? त्यासाठी सभा भरवायला नको, अर्ज लिहायला नको. घरात एक दिवस ठरवावा. त्या दिवशी पाणी दुसऱ्यानं भरावं, भाकरी दुसऱ्यानं थापाव्यात. वाकड्यातिकड्या झाल्या तरी गोड मानून खाव्यात. शेजाऱ्याशेजाऱ्यांनी पाळी लावून एकमेकांच्या जनावरांना वैरण घालावी. आठवड्यात अर्धा दिवस जरी मिळाला, तरी तो ठरलेला असावा. कारण वाट पाहता येते ती ठरलेल्या दिवसाचीच. 'कधीतरी बघू' या दिवसाची वाट कुणी पाहत नाही.

शिक्षकांना एक विनंती आहे. पोरांना घरी एक छोटं काम द्या. आजी-आजोबांना विचारून यायला सांगा: तुमच्या लहानपणी तुम्ही कशाची वाट बघत होता? बाजार कोणत्या वारी भरायचा? जत्रेला कोण कोण यायचं? गावात बसायचा पार कुणी बांधला, पाणपोई कुणी घातली? ही उत्तरं वहीत तारखेसह लिहून ठेवा. कान्हेरीच्या दात्यांनी आपला कट्टा दगडावर नोंदवला, म्हणून तो आपल्याला कळला. आपल्या गावच्या पाराची नोंद निदान शाळेच्या वहीत तरी राहू द्या.

आणि येत्या रविवारी सकाळी चहाचा कप हातात येईल, तेव्हा तो कुणी करून आणला, हे एकदा मान वर करून बघा. शक्य झालं, तर पुढच्या रविवारचा कप आपण करून तिच्या हातात द्या.