रक्तदाबाचा वारसा

उत्तर नागपुरातील जरीपटक्याची वसाहत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांनी वाढविली. घरेदारे, दुकाने मागे राहिली. परंतु पूर्वजांचे रक्त आणि घरची चव, या दोन गोष्टी त्यांच्यासमवेत आल्याच. अशा घरात आजोबांना रक्तदाब, वडिलांना रक्तदाब आणि आता मुलालाही, असे झाले तर दोष कोणाचा? वंशाचा, की ताटातील पापड-लोणच्याचा? हा प्रश्न केवळ जरीपटक्याचा नाही. आपल्या सर्वांच्याच घरचा आहे. त्यावर एक मोठा वाद होऊन गेला. त्याचाच इतिहास आपण पाहू.

१८९६ साली इटलीतील रिवा-रोची यांनी दंडाला बांधावयाचा पट्टा काढला आणि १९०५ साली रशियातील कोरोत्कोव्ह यांनी नळीने नाडीचे आवाज ऐकण्याची रीत दाखविली. रक्तदाब आकड्यांत मोजता येऊ लागला, तेव्हाच त्याच्या वारशाची चर्चा शक्य झाली.

१९४७ सालीच मँचेस्टरच्या रॉबर्ट प्लॅट यांनी मत मांडले की, या विकाराच्या मुळाशी एकच प्रबळ जनुक असावे. हे खरे मानले, तर माणसांचे दोनच वर्ग उरतात : ज्यांच्या वाट्याला ते आले ते, आणि जे त्यातून सुटले ते. म्हणजे कपाळी लिहिलेलेच म्हणावयाचे!

लंडनचे जॉर्ज पिकरिंग यांना हे पटले नाही. वयाबरोबर दाब सामान्यतः चढतो. तरुणपणी पुरुषांचा दाब स्त्रियांहून सरासरीने अधिक असतो, आणि पाळी थांबल्यानंतर स्त्रियांचा दाब झपाट्याने वाढून हे अंतर मिटते. मग तिशीतील मुलीची तुलना साठीतील बापाशी कशी करावयाची? म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकाचा आकडा वय आणि लिंग यांच्या मानाने दुरुस्त करून घेतला. १९५४ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोग्यांच्या नातलगांचा दाब सर्वच वयांत इतरांहून थोडा अधिक भरला. परंतु निरोगी आणि रोगी यांना विभागणारी रेषा कोठेच सापडली नाही. उंचीप्रमाणेच रक्तदाबही अनेक जनुकांच्या लहानलहान देणग्यांनी आणि राहणीने घडतो, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढील काळाने पिकरिंग यांच्या बाजूने कौल दिला. एकाच जनुकाच्या बिघाडाने होणारे प्रकार आहेत, पण ते विरळा. २०१८ साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या तपासणीतून रक्तदाबाशी निगडित जागांची संख्या नऊशेवर गेली. त्यांतील एकेकीचा परिणाम अगदी अल्प. माणसामाणसांतील फरकाचा सुमारे तिसरा हिस्सा ते निम्मा भाग आनुवंशिक मानला जातो. उरलेला मीठ, वजन, मद्य, श्रम यांच्या हिशेबी जातो.

आणि वारसा म्हणजे असाध्यता नव्हे. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली आपल्याकडील सर्पगंधेचा या विकारावरील गुण इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष वेधले. आज त्याहून सोयीची औषधे आहेत.

तेव्हा ‘आमच्या घराण्यातच आहे’ असे म्हणून आपण स्वस्थ बसता कामा नये. घराण्यात आहे, म्हणूनच मुलाने तिशीतच आणि मुलीनेही पाळी थांबण्याची वाट न पाहता दाब मोजून घ्यावा. रक्त बदलता येत नाही. ताटातले मीठ मात्र आजपासून कमी करता येते.