पहिला सत्याग्रही पवनारचा

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारताला दुसऱ्या महायुद्धात ओढले. देशाला कोणी विचारलेही नाही. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, पण पुढे काय?

याचे एक उत्तर वर्ध्याजवळच्या पवनारातून सुरू झाले. धाम नदीच्या काठी, जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात १९३८ पासून विनोबा भावे राहत होते. ते मूळचे कोकणातल्या गागोद्याचे. १९२१ मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून वर्ध्याचा आश्रम चालवायला आले होते. सूतकताई, अभ्यास आणि ग्रामसेवा हाच त्यांचा दिनक्रम. देशात त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

गांधीजींना या वेळी गर्दीचे आंदोलन नको होते. निवडलेल्या एकेका माणसाने आधी सरकारला कळवायचे, मग युद्धाला मदत करू नका असे जाहीरपणे सांगायचे आणि अटक पत्करायची, अशी ही वैयक्तिक सत्याग्रहाची रीत. पहिला मान त्यांनी विनोबांना दिला; दुसरे नाव जवाहरलाल नेहरूंचे होते.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारात युद्धविरोधी भाषण केले. पुढे गावोगाव बोलत असताना २१ तारखेला त्यांना अटक झाली. शिक्षा तीन महिन्यांची.

त्यांच्यामागून हजारो सत्याग्रही तुरुंगात गेले. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला, तोही वर्ध्यातच. ऑगस्टमध्ये विनोबा पुन्हा गजाआड गेले. वेल्लोर आणि सिवनीच्या तुरुंगांत त्यांनी सुमारे तीन वर्षे काढली.

पवनारची ओळख आज भूदान आणि ब्रह्मविद्या मंदिरामुळे आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासातही या गावाचे स्थान तितकेच मोठे आहे.